जाड झालेल्या हृदयावरील उपचार आणि त्यानंतर बिघडणारे ठोके

हृदयविकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो 'अटॅक'. रक्तवाहिनी बंद झाली, छातीत कळ आली, नागपूरला नेले, स्प्रिंग बसवली, हीच कहाणी आपण गावोगावी ऐकतो. परंतु हृदयाचे सगळेच आजार रक्तवाहिन्यांचे नसतात. काही आजार झडपांचे असतात, काही हृदयाच्या स्नायूचे, तर काही हृदयात वाहणाऱ्या सूक्ष्म विजेचे. आज ज्या आजाराची माहिती घ्यायची आहे तो सुरू होतो स्नायूपासून; मात्र त्यावरील शस्त्रक्रियेनंतर किंवा कॅथेटरच्या उपचारानंतर खरी काळजी घ्यावी लागते ती विजेची, म्हणजेच ठोक्यांची. नागपूरहून उपचार करून परतलेला रुग्ण दोनशे किलोमीटर दूर आपल्या घरी येतो आणि पुढची देखरेख घरच्या माणसांवर व गावच्या डॉक्टरांवर येऊन पडते. म्हणून हा विषय नीट समजून घेणे आवश्यक आहे.

स्नायू जाड होतो म्हणजे काय?

हृदय हा मुठीएवढा पंप आहे. त्याच्या डाव्या बाजूचा खालचा कप्पा सर्व शरीराला रक्त पुरवतो. या कप्प्याची भिंत सर्वसाधारणपणे १२ मिलिमीटरपर्यंत जाड असते. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला किंवा महारोहिणीची झडप अरुंद झाली, तर हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि पहिलवानाच्या दंडाप्रमाणे ही भिंत जाड होते. पण काही लोकांत असे कोणतेही कारण नसताना ती १५ मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड झालेली आढळते. बहुधा दोन कप्प्यांच्या मधला पडदा सर्वांत जास्त फुगतो. या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी असे लांबलचक नाव आहे. आपण सोयीसाठी त्याला 'जाड हृदय' म्हणू. लंडनचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. डोनाल्ड टीअर यांनी १९५८ साली तरुण माणसांतील या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून वैद्यकीय जगाचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

हा आजार वाटतो तितका दुर्मीळ नाही. सुमारे पाचशे माणसांमागे एकाला तो असतो, म्हणजे एक लाख वस्तीमागे सुमारे दोनशे जणांना. त्यांतील पुष्कळांना आयुष्यभर काही त्रास होत नाही व आजार असल्याचा पत्ताही लागत नाही. काहींना मात्र चढ चढताना दम लागतो, छाती दुखते, धडधड होते, काम करता करता भोवळ येते. फुगलेला पडदा रक्त बाहेर जाण्याच्या वाटेत आडवा येतो, शिवाय झडपेचे पानही त्याच्याकडे ओढले जाते. धुऱ्यावरच्या नालीत मातीचा गोळा अडकावा आणि पाणी अडावे, तसा हा प्रकार असतो. दर ठोक्याला हृदयाला अडथळ्यावर मात करून रक्त ढकलावे लागते.

वाट मोकळी करण्याचे दोन मार्ग

पहिला उपचार गोळ्यांचाच असतो. मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल यांसारखी ठोके सावकाश करणारी औषधे किंवा वेरापामिल दिले जाते. ठोके सावकाश पडले की कप्पा नीट भरतो व अडथळा कमी होतो. अलीकडे स्नायूचा अतिरिक्त जोरच कमी करणारे मावाकॅम्टेन हे औषध निघाले असून २०२२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. गोळ्या घेऊनही दम व भोवळ राहत असेल आणि इको तपासणीत अडथळ्याचा दाब ५० किंवा अधिक दिसत असेल, तर पुढच्या उपचाराचा विचार होतो.

एक मार्ग शस्त्रक्रियेचा. छाती उघडून, हार्ट-लंग मशीनच्या साहाय्याने, फुगलेल्या पडद्याचा थोडा भाग कापून काढतात. अमेरिकेतील डॉ. अँड्रयू मॉरो यांनी १९६० च्या दशकात या शस्त्रक्रियेला निश्चित स्वरूप दिले. विशेष म्हणजे डॉ. मॉरो यांना स्वतःलाही हाच आजार होता.

दुसरा मार्ग कॅथेटरचा. १९९४ साली डॉ. उलरिच सिगवार्ट यांनी लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात तो प्रथम वापरला. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि पडद्याला रक्त पुरवणाऱ्या छोट्या शाखेत शुद्ध अल्कोहोल सोडतात. जेवढ्या भागाला ते पोहोचते तेवढा स्नायू मरतो, हळूहळू आकसतो आणि वाट मोकळी होते. थोडक्यात, डॉक्टर जाणूनबुजून व मोजूनमापून एक लहानसा अटॅकच घडवून आणतात.

'अल्कोहोल' हा शब्द ऐकून आपल्याकडे लोक दचकतात. "डॉक्टरसाहेब, दारू हृदयात टाकतात, मग पोटात घेतली तर काय बिघडलं?" असाही प्रश्न मला विचारला गेला आहे. हे अल्कोहोल एक ते तीन मिलिलिटर, म्हणजे लहानशा सिरिंजमध्ये मावेल एवढेच असते आणि ते नेमके नको असलेला स्नायू मारण्यासाठी वापरतात. पोटात गेलेली मोहाची असो वा विलायती, ती शरीरातील पाणी कमी करते, रक्तवाहिन्या सैल करते आणि अडथळा वाढवते. तेव्हा या रुग्णांनी दारूपासून दूर राहावे, हे उत्तम.

ठोके का बिघडतात?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका लहानशा संदेशाने पडतो. उजव्या वरच्या कप्प्यात या विजेचे मुख्य केंद्र आहे. तेथून निघालेला संदेश मध्यभागी असलेल्या दुसऱ्या केंद्रात क्षणभर थांबतो आणि मग दोन तारांनी खाली उतरतो. एक तार उजव्या कप्प्याकडे जाते, दुसरी डाव्या. या दोन्ही तारा त्याच मधल्या पडद्याच्या अंगाने जातात, आणि उपचारात आपण हात घालतो तोही त्याच पडद्याला. घराची भिंत फोडताना आतली वायरिंग दुखावण्याची भीती असते, तशीच ही गोष्ट आहे.

अल्कोहोलच्या उपचारात बहुधा उजवी तार दुखावते. सुमारे निम्म्या रुग्णांच्या ईसीजीत नंतर 'राइट बंडल ब्रँच ब्लॉक' असे लिहून येते. शस्त्रक्रियेत पडदा डाव्या बाजूने कापला जातो, त्यामुळे पुष्कळांत डावी तार तुटते व 'लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक' दिसतो. 'ब्लॉक' शब्द वाचून नातेवाईक घाबरतात व रक्तवाहिनी पुन्हा बंद झाली असे समजतात. तसे नाही. हा ब्लॉक विजेच्या तारेचा आहे, रक्तवाहिनीचा नाही. दोनपैकी एक तार शाबूत असेल तर ठोके नियमित पडत राहतात.

धोका केव्हा? दोन्ही तारा गेल्या तर. समजा, एखाद्या रुग्णाची डावी तार उपचारापूर्वीच खराब आहे आणि अल्कोहोलने उजवीही गेली, तर वरचा संदेश खाली पोहोचतच नाही. यालाच 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक' म्हणतात. मग खालचा कप्पा स्वतःच्या मंद गतीने, मिनिटाला तीस-चाळीस वेळा, कसाबसा चालतो आणि कधी काही सेकंद थांबतोही. माणूस उभ्या उभ्या कोसळतो. त्याचप्रमाणे, ज्याची उजवी तार आधीच खराब आहे त्याला शस्त्रक्रियेत हा धोका अधिक. अल्कोहोलच्या उपचारानंतर सुमारे दहापैकी एका रुग्णाला कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. अनुभवी हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण त्याहून कमी असते.

यावरून एक साधी पण महत्त्वाची गोष्ट लक्षात येईल. उपचारापूर्वीचा जुना ईसीजी हा मोलाचा कागद आहे. कोणती तार आधीपासून खराब होती, हे त्यावरूनच कळते. आपल्याकडे ईसीजीचा कागद पिशवीत, कपाटात, नाहीतर टिनाच्या छपराखाली ठेवलेला असतो. हा कागद उष्णतेने उमटणाऱ्या छपाईचा असल्यामुळे काही महिन्यांत, आणि आपल्या ४६-४७ अंशांच्या उन्हाळ्यात तर लवकरच, पुसट होतो. म्हणून ईसीजी काढला की त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवावी व मोबाइलवर त्याचा फोटोही घ्यावा.

पहिले दोन आठवडे महत्त्वाचे

अल्कोहोलच्या उपचारानंतर रुग्णाच्या मानेतून किंवा मांडीतून तात्पुरत्या पेसमेकरची तार एक-दोन दिवस ठेवतात व रुग्णाला मॉनिटरवर ठेवतात. "पेशंट तर ठणठणीत आहे, मग सुट्टी का देत नाही?" अशी घाई नातेवाइकांनी करू नये. पूर्ण ब्लॉक बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो, परंतु काही थोड्या रुग्णांत तो नंतर, आठवडा-दोन आठवड्यांनीही होऊ शकतो. रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर शक्य असल्यास पहिला आठवडा नागपुरातच किंवा चंद्रपुरात नातेवाइकांकडे काढावा. रात्री-अपरात्री त्रास झाला तर रुग्णालय जवळ असलेले बरे.

घरी आल्यावर एकाने नाडी मोजायला शिकावे. अंगठ्याच्या खाली, मनगटावर दोन बोटे ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण त्यात अनियमितपणा निसटतो. सकाळी उठल्यावर व संध्याकाळी, असे दोन वेळा मोजून वहीत लिहावे. पुढीलपैकी काही आढळल्यास थांबू नये :

नाडी चाळीसच्या खाली जाणे. बसल्या जागी डोळ्यांपुढे अंधारी येणे. बेशुद्ध पडणे, मग ती काही सेकंदांची का असेना. एकाएकी छातीत घोडा दौडल्यासारखी धडधड सुरू होऊन घाम फुटणे. नाडी पूर्णपणे अनियमित लागणे.

अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. वाटेत शुद्ध गेली तर दुसरा अपघात व्हायचा. प्रथम जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा; त्रास चालू असतानाचा ईसीजी फार उपयोगी पडतो. भोवळ आली असेल व श्वास चालू असेल, तर रुग्णाला आडवे निजवून पाय उंच करावेत. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वासही नाही, असे दिसल्यास लगेच छातीच्या मध्यभागी जोराने व वेगाने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देणे सुरू करावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे यात मोलाची मिनिटे वाया जातात.

वेगवान व अनियमित ठोके

तार तुटून ठोके मंद होणे हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार याच्या उलट. जाड हृदयात मुळातच स्नायूंचे धागे विस्कटलेले असतात व मध्ये मध्ये व्रण असतात. अल्कोहोलने आणखी एक व्रण तयार होतो. या व्रणाभोवती वीज गोल फिरू लागली, तर खालचा कप्पा अतिवेगाने धावू लागतो. याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात व तो जीवघेणा ठरू शकतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपचाराने अडथळा जातो, दम कमी होतो. पण मूळ आजार जात नाही. घराण्यात कोणाचा अकाली, अचानक मृत्यू झाला आहे काय, रुग्णाला विनाकारण बेशुद्धी आली होती काय, भिंत ३० मिलिमीटरपर्यंत जाड आहे काय, चोवीस तासांच्या होल्टर तपासणीत वेगवान ठोके दिसले काय, या गोष्टींचा विचार उपचारानंतरही स्वतंत्रपणे करावा लागतो. धोका जास्त वाटल्यास आयसीडी नावाचे यंत्र बसवतात. जीवघेणे ठोके सुरू होताच ते आतूनच विजेचा झटका देऊन हृदय ताळ्यावर आणते.

तिसरा प्रकार वरच्या कप्प्याच्या थरथरण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत दर चार-पाच रुग्णांमागे एकाला तो होतो आणि पुष्कळदा औषधाने जातो. पण जाड हृदयाच्या रुग्णांत तो पुढे वर्षांनीही उद्भवतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली तर लकवा होतो. म्हणून या रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते. कापूस विकेपर्यंत हात तंग आहे म्हणून ही गोळी महिनाभर बंद ठेवणे म्हणजे लकव्याला आमंत्रण. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, ते स्वस्त पर्याय सुचवू शकतात.

गोळ्यांबाबत तीन इशारे

एक, उपचारापूर्वीच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून जुन्याच गोळ्या आणू नयेत. मेटोप्रोलोल, वेरापामिल, डिल्टियाझेम ही औषधे ठोके मंद करतात. उपचारानंतर तारा दुखावलेल्या असताना आणि पेसमेकर नसताना जुनाच डोस घेतला तर ठोके धोकादायक इतके मंद होऊ शकतात. सुटीच्या वेळी मिळालेली नवी चिठ्ठीच खरी. पण त्यातील गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंदही करू नयेत.

दोन, छातीत दुखले की शेजारी लगेच जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतात. जाड हृदयात अडथळा असेल, तर या गोळीने रक्तवाहिन्या सैल होऊन अडथळा उलट वाढतो, रक्तदाब कोसळतो व रुग्ण बेशुद्ध पडतो. ज्यांना हा आजार आहे त्यांनी खिशात एक चिठ्ठी ठेवावी : 'मला हृदयाचा स्नायू जाड असण्याचा आजार आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सॉर्बिट्रेट देऊ नये.'

तीन, उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी होऊ देऊ नये. तेंदूपत्ता तोडणारे, सिमेंट कारखान्यात भट्टीजवळ काम करणारे, शेतात राबणारे, या सर्वांना हे लागू आहे. हगवण किंवा उलट्या लागल्यास मीठ-साखरेचे पाणी लगेच सुरू करावे व लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे.

पेसमेकर बसवल्यावर

पेसमेकर म्हणजे मोठ्या नाण्याएवढे, बॅटरीवर चालणारे यंत्र. ते बहुधा डाव्या खांद्याखाली कातडीखाली बसवतात. ठोका पडला नाही तर ते संदेश देते. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे टिकते. पहिले चार ते सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नेऊ नये, कापसाचे गाठोडे किंवा पाण्याची घागर उचलू नये. नाहीतर तार जागची हलते. घरातील टीव्ही, मिक्सर, फ्रीज, शेतातील मोटारपंप यांचा नेहमीच्या वापरात त्रास नाही. मोबाइल डाव्या खिशात ठेवू नये व उजव्या कानाला लावावा. वेल्डिंगचे काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कामावर जाऊ नये. आपल्या भागात रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी झटका मशीनचे कुंपण लावतात. पेसमेकर असलेल्याने त्याला हात लावू नये. कुंपणात थेट लाइनची वीज सोडणे तर बेकायदेशीर असून धडधाकट माणसाचाही जीव घेते. एमआरआय करण्यापूर्वी पेसमेकरचे कार्ड अवश्य दाखवावे.

खर्चाची चिंता अनेकांना असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याचा समावेश आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या 'आरोग्यमित्रा'ला भेटावे व आधीच चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला कठीण वाटते पण सांगणे भाग आहे. पेसमेकर असलेल्या व्यक्तीचे निधन झाल्यास दहनापूर्वी तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो, कारण चितेच्या उष्णतेने बॅटरी फुटते. असे काढलेले यंत्र कधी कधी दुसऱ्याच्या उपयोगीही पडते. अमेरिकेत मृत व्यक्तींच्या शरीरातून, घरच्यांच्या संमतीने काढलेले व निर्जंतुक केलेले पेसमेकर मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले आणि त्यांचा चांगला अनुभव २०११ साली प्रसिद्ध झाला.

घरातील इतरांची तपासणी

हा आजार बहुधा आनुवंशिक असतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून रुग्णाचे आईवडील, भाऊ-बहिणी व मुले यांचा ईसीजी आणि इको करून घ्यावा. एकदा इको चांगला आला म्हणजे सुटलो, असे नाही. वाढत्या वयाच्या मुलांत दर एक-दोन वर्षांनी व मोठ्यांत दर तीन ते पाच वर्षांनी तपासणी करावी.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ज्यांच्या घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक दगावले आहे किंवा ज्यांना स्वतःला धावताना भोवळ आली आहे, त्यांनी सराव थांबवून आधी ईसीजी व इको करून घ्यावा. 'उपाशीपोटी धावला म्हणून चक्कर आली' असे म्हणून सोडून देऊ नये. दोन तपासण्यांना एक दिवस लागतो, आणि निकाल चांगला आला तर मुलगा निश्चिंत मनाने मैदानावर परत जातो.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. योग्य औषध, गरज पडल्यास उपचार व नियमित तपासणी यांच्या आधारे या आजाराचे बहुसंख्य रुग्ण सर्वसामान्य आयुष्य जगतात. ज्यांच्यावर उपचार झाले आहेत त्यांनी सुटीचा कागद, आधीचा व नंतरचा ईसीजी, इकोचा अहवाल आणि पेसमेकरचे कार्ड एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवावे, आणि ती फाइल कोठे आहे हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे.